रेकॉर्ड बाहेर ठेवायला देताय? आधी हे बघा
नवीन आहात म्हणून सांगतो, भिवंडीत गोडाऊन स्वस्त मिळतंय म्हणून लगेच खोके पाठवू नका. आधी खोक्यात काय आहे ते लिहून काढा, म्हणजे नुसतं "अकाउंट्स जुने" असं नाही, तर कुठलं वर्ष, कुठले व्हाउचर, कुठल्या नंबरपासून कुठपर्यंत, आणि नष्ट कधी करायचं ती तारीख. खोक्यावर बारकोड व्हेंडर, म्हणजे गोडाऊनवाला, लावतो पण आत काय आहे ते त्याला माहीत नसतं, ती यादी तुमच्याकडेच हवी.

कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं व्हाउचरसकट 8 आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीचं रेकॉर्ड त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून 72 महिने, आणि अपील चालू असेल तर निकालानंतर अजून एक वर्ष, यातलं जे नंतर येईल ते धरायचं.

करारात महिन्याचं भाडं सगळे बघतात, पण खरा खर्च खोका परत मागवताना आणि कायमचा काढून नेताना लागतो, तो रेट आधीच लेखी घ्या. गोडाऊन स्वतः जाऊन बघा, तेही पावसाळ्यात. खालचा रॅक जमिनीपासून किती वर आहे, भिंतीला ओल आहे का. 26 जुलै 2005 ला मुंबईत तळमजल्यावरच्या कागदांचं काय झालं ते जुन्या लोकांना विचारा.

बॅकअप टेप (कॉम्प्युटरमधल्या डेटाची जादा प्रत ठेवलेल्या टेप) मात्र कागदासोबत अजिबात ठेवू नका, त्यांना थंड, कोरडी वेगळी खोली लागते. आणि अधूनमधून एखादी टेप मागवून डेटा खरंच रिस्टोर होतो का ते बघत जा.