'शंटर' म्हणजे माणूस की इंजिन?

एका अनुवादकांनी विचारले आहे की, इंग्लंडमधील रेल्वे यार्डांवरच्या लेखात 'शंटर' हा शब्द कधी 'लहान' डिझेल इंजिनासाठी, तर कधी माणसासाठी आला आहे. (शंटिंग म्हणजे यार्डात गाडीचे डबे तोडणे, जोडणे आणि एका रुळावरून दुसऱ्यावर हलवणे.) तेव्हा मराठीत 'मार्गांतरक' असा नवा शब्द घडवावा, की 'शंटर' हाच दोन्हीकडे ठेवावा? माझ्या मते दोन्ही करू नये. यंत्राला 'शंटिंग इंजिन' म्हणावे, आणि माणसाला 'शंटर' म्हणण्यापूर्वी तो इंजिनात बसला आहे की रुळांशेजारी उभा आहे, हे आधी पाहावे.

हे पाहणे आवश्यक आहे, कारण इथे इंग्लंड आणि भारत यांच्या वाटा वेगळ्या आहेत. ब्रिटिश रेल्वेत 'शंटर' म्हणजे जमिनीवरून काम करणारा कर्मचारी. टोकाला आकडा बसवलेल्या लांब लाकडी काठीने तो वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, साखळ्या अडकवी आणि सोडवी. इंजिन चालवणारा 'ड्रायव्हर' निराळा असे. आपल्याकडे मात्र 'शंटर' हाच इंजिन चालवतो. वाफेच्या काळापासून फायरमन (इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा), मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर अशी बढतीची चढण होती, आणि आज त्याच कामाच्या पदाला लोको पायलट (शंटिंग) म्हणतात. जमिनीवरची कामे आपल्याकडे शंटिंग जमादार आणि पॉइंट्समन, म्हणजेच सांधेवाला, यांच्याकडे असतात. त्यामुळे इंग्लंडमधील काठीवाल्या माणसाला मराठीत नुसते 'शंटर' म्हटले, तर रेल्वेतला मराठी वाचक त्याला थेट इंजिनात नेऊन बसवील. त्याला 'शंटिंग कामगार' म्हणणे बरे.

'मार्गांतरक' मला पटत नाही तो त्याच्या संस्कृत वळणामुळे नव्हे, तर त्यातून कामाचा एक तुकडाच कळतो म्हणून. रूळ बदलणे हे काम सांध्याचे; अमेरिकेत 'स्विच' म्हणजे सांधा आणि त्यावरूनच तिथे या इंजिनाला 'स्विचर' म्हणतात. शंटिंगमध्ये याहून बरेच काही येते: आलेल्या गाडीच्या वाघिणी तोडणे, गावागावांप्रमाणे त्या वेगळ्या करणे, बिघडलेली वाघीण मधून काढणे, धुऊन झालेला रेक, म्हणजे एकत्र जोडलेले डबे, फलाटाला लावणे. कधी इंजिन धक्का देऊन वाघिणी सुट्या सोडते, तर कधी उंचवट्यावर नेऊन उताराच्या आधाराने एकेक खाली जाऊ देते. हिरवा बावटा सावकाश वर-खाली हलला की इंजिनाने इशारा देणाऱ्यापासून दूर जायचे आणि तो शरीरासमोर आडवा हलला की त्याच्याकडे यायचे. शंटर केबिनमधून बाहेर झुकून त्या हातावर नजर ठेवतो. भारतीय रेल्वेच्या नियमांत या हालचालींना एरवी ताशी १५ किलोमीटरची आणि स्फोटके किंवा धोकादायक माल असलेल्या वाघिणींना ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे. इतक्या मंद गतीत शेकडो टनांचे ओझे पुन्हा पुन्हा जागचे हलवावे लागत असल्याने या इंजिनाला वेगापेक्षा ओढ महत्त्वाची असते. डिझेल इथे सोयीचे ठरले, कारण वाफेचे इंजिन तापायला तास लागत आणि ते उभे असतानाही कोळसा जळे. शिवाय माल चढवण्याच्या साइडिंगवर, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर, क्रेनच्या आड विजेची तार येऊन चालत नाही.

प्रश्नातील 'लहान' या विशेषणाबाबतही सावध राहावे. ब्रिटिश 'क्लास ०८' हे १९५२ ते १९६२ या काळात ९९६ नग बांधले गेलेले इंजिन ३५० अश्वशक्तीचे आणि सहा चाकांचे आहे. चित्तरंजनला १९६८ पासून बनू लागलेले आपले 'डब्ल्यूडीएस ४' हेही सहा चाकांचेच. या दोहोंना लहान म्हणणे योग्यच. परंतु वाराणसीचे 'डब्ल्यूडीएस ६' बारा चाकांचे आणि सव्वाशे टनांच्या आसपास वजनाचे असते, तरीही ते शंटिंग इंजिनच. या सांकेतिक नावात डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे शंटिंग. म्हणजे रेल्वेने स्वतःही हा वर्ग आकारावरून नव्हे, तर कामावरून ठरवला आहे. म्हणून मूळ लेखात आकाराचा मुद्दाम उल्लेख नसेल, तर 'छोटे इंजिन' असे लिहू नये.

परका शब्द ठेवला म्हणून मराठीचे काही उणे होते असे मला वाटत नाही. 'वॅगन'ची 'वाघीण' मराठीनेच केली, आणि वर्तमानपत्रे आजही 'कोळशाच्या वाघिणी' असे लिहितात. 'सांधा' तर आधीचाच, हाडांचा आणि सुतारकामाचा, तो रुळांनाही लागू झाला. 'शंटिंग' याच रांगेत बसले आहे, आणि कोणाला अडगळीच्या जागी नेमले की 'साइडिंगला टाकले' असे आपण म्हणतो, तेही याच यार्डातून आले आहे.

क्रियापद मात्र प्रत्येक ठिकाणी 'शंटिंग करणे' हेच नको. संपूर्ण कामाबद्दल बोलताना ते ठीक आहे, पण एकेक हालचाल सांगताना वाघिणी तोडणे, जोडणे, साइडिंगवर ढकलणे, रेक फलाटाला लावणे, इंजिन काढणे ही क्रियापदे वापरावीत. यार्डातली माणसे बोलताना हीच वापरतात, आणि वाचकाला नेमकी हालचाल दिसते ती त्यांच्यामुळेच.