पेट्रोलवर आपण खरंच जास्त कर भरतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: आयकर भरतो, गाडी घेताना रोड टॅक्स भरतो, टोल वेगळा, मग पेट्रोलवर पुन्हा निम्मा कर कशासाठी? वाहनवाल्यांकडून सरकार गरजेपेक्षा जास्त उकळतंय का?

पेट्रोलपुरतं माझं उत्तर ‘हो’ आहे. डिझेलवर तितकं नाही. आणि मोठ्या गाड्यावाल्यांनी याबद्दल फार गळा काढू नये असं मला वाटतं. आता का ते सांगतो.

मी इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात एका मालवाहतूकदाराकडे एकवीस वर्षं हिशोब लिहितोय. घरी मराठी, ऑफिसात हिंदी, आणि चिडलो की दोन्ही. डिझेलच्या पावत्या हा माझा रोजचा कागद. त्या पावतीवर काय असतं? तारीख, नोझल नंबर, भाव, लिटर, रक्कम. बस. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत शंभर रुपयांचं काही खाल्लंत तरी बिलावर केंद्राचा जीएसटी इतका, राज्याचा इतका असं वेगळं छापून येतं. पेट्रोलच्या पावतीवर कराची ओळच नाही. त्यामुळे ‘निम्मा कर’ हे सगळे म्हणतात, पण कोणाचा किती हे दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही.

तर मांडून बघू. आकडे २०२५ सालचे, एप्रिलनंतरचे. इंदुरात पेट्रोल साधारण १०६ रुपये ५० पैसे. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. मध्य प्रदेशचा व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, २९ टक्के, त्यावर लिटरमागे आणखी अडीच रुपये, वर १ टक्का सेस म्हणजे उपकर. हे सगळं मिळून राज्याचे अंदाजे २५-२६ रुपये होतात. पंपवाल्याचं कमिशन साडेचारच्या आसपास. म्हणजे १०६ मधले ४७-४८ रुपये कर. निम्म्याला थोडे कमी, पंचेचाळीस टक्के म्हणा.

यातली एक गंमत बघा. राज्याचा व्हॅट टक्क्यात आहे आणि तो केंद्राच्या शुल्कासकट असलेल्या किमतीवर लागतो. २१.९० वर २९ टक्के म्हणजे सव्वासहा रुपयांच्या वर. हा करावरचा कर. केंद्राने २ रुपये वाढवले की राज्याला काही न करता ५८ पैसे मिळतात. विधानसभेत कोणी तोंडही उघडायला नको.

गेल्या हिवाळ्यात आत्याकडे बडोद्याला जायचं होतं, दांडिया बाजारात. गाडी भाड्याची, ड्रायव्हर आमच्याच ओळखीचा. धारच्या पुढे मी म्हटलं, काटा खाली आलाय, भरून घे. तो म्हणाला, ‘काका, पितोल पार होऊ द्या.’ पितोल म्हणजे झाबुआच्या पुढची आमची सीमा, पलीकडे दाहोद जिल्हा. सीमेपलीकडच्या पहिल्याच पंपावर रांग होती आणि रांगेत बहुतेक गाड्या एमपी-०९ नंबरच्या, म्हणजे आमच्याच. भाव ९४ च्या आसपास. तेच पेट्रोल, त्याच कंपन्या, केंद्राचं शुल्क तेवढंच. गुजरातचा व्हॅट १३.७ टक्के आणि ४ टक्के सेस, म्हणजे सगळं मिळून चौदाएक रुपये. आमच्याकडे पंचवीस. बारा रुपयांचा फरक संपूर्ण भोपाळचा आहे, दिल्लीचा त्यात एक पैसा नाही.

पण आमचे ट्रक त्या रांगेसाठी थांबत नाहीत. डिझेलवर मध्य प्रदेशचा व्हॅट १९ टक्के अधिक दीड रुपया अधिक १ टक्का सेस, गुजरातचा १४.९ अधिक ४. फरक लिटरमागे दीड-दोन रुपयांचा. तीनशे लिटरच्या टाकीला पाच-सहाशे वाचतात. ड्रायव्हर तेवढं बघतो, मालक एका मर्यादेपर्यंत बघतो. डिझेलवर केंद्राचं शुल्कही तेव्हा कमी, १७ रुपये ८० पैसे. कारण उघड आहे: डिझेल वाढलं की भाडं वाढतं, भाडं वाढलं की मंडईतला कांदा वाढतो, आणि कांद्याने सरकारं पडलेली या देशाने पाहिलीत. स्कूटरवाल्याने कधी सरकार पाडलेलं नाही.

आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, महूहून स्कूटरवर येतो. पगार चौदा हजार. एकदा दुपारी डबा खाताना त्याचा हिशोब मी पावतीच्या मागे मांडला. जाऊन-येऊन ४५ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ११७० किलोमीटर. स्कूटर ४५ चं ॲव्हरेज देते. २६ लिटर. त्यावर कर साडेसत्तेचाळीसच्या दराने १,२३५ रुपये. पगाराचे जवळजवळ ९ टक्के. हा मुलगा आयकराच्या कक्षेच्या आसपासही नाही, आणि ‘आम्ही करदाते’ म्हणून टीव्हीसमोर हात वर करणाऱ्यांत त्याला कोणी धरत नाही. त्याच्या बायकोच्या खात्यात तेव्हा लाडली बहना या राज्याच्या महिलांसाठीच्या योजनेचे १,२५० रुपये यायचे. आकडा बघून तो हसला. ‘म्हणजे पंधरा रुपये उरले की काका.’

आता मालकांचं बघा. त्यांची पेट्रोल गाडी ११ चं ॲव्हरेज देते, महिन्याला शंभर लिटर. कर ४,७५० रुपये. मिळकत महिन्याला तीन लाख धरली तरी दीड टक्क्याच्या थोडं वर. तीच गाडी राजवाड्याभोवती रस्त्याचा मोठा तुकडा अडवून उभी असते. म्हणून म्हटलं, ‘वाहनवाले’ असा एक गट करून उत्तर देता येत नाही. पंपावर स्कूटर आणि एसयूव्ही दोघांना भाव एकच.

दुसरी तक्रार, आणि माझ्या मते जास्त गंभीर. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला. जून २०१७ मध्ये तर भाव रोज ठरवायची पद्धत आली. बाजार चढला तर चढेल, उतरला तर उतरेल, असं आपल्याला सांगितलं गेलं. चढायचा भाग बरोबर निघाला.

२०१४ च्या सुरुवातीला केंद्राचं शुल्क पेट्रोलवर ९ रुपये ४८ पैसे होतं. कच्चं तेल कोसळलं तसं नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये ते नऊ वेळा वाढवून २१.४८ वर नेलं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन होता, भारताच्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला २० डॉलरपर्यंत आला. मे महिन्यात शुल्क एका झटक्यात १० रुपयांनी वाढून ३२.९८ झालं, डिझेलवर १३ रुपयांची वाढ. आमचे ट्रक तेव्हा अर्धे उभे होते, नाहीतर त्या दिवशीचा मालकांचा चेहरा विसरता आला नसता. मग भाव शंभरी ओलांडायला लागला. भोपाळकडे काही पंपांवर जुनी मशीनं शंभराचा आकडा दाखवूच शकत नव्हती, तिथे महागडं प्रीमियम पेट्रोल विकणं थांबवावं लागलं. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केले. पाठोपाठ आमच्या राज्यानेही व्हॅट ३३ वरून २९ टक्क्यांवर आणला. मे २०२२ मध्ये केंद्राने आणखी ८ आणि ६ रुपये उतरवले. हे नाकारायचं कारण नाही.

पण एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल पुन्हा उतरलं आणि केंद्राने गपचूप २ रुपये वाढवले. पंपावरचा भाव हलला नाही, कारण तो बोजा कंपन्यांनी घेतला. म्हणून कोणी ओरडलंही नाही. उतरलेल्या भावाचा फायदा आपल्यापर्यंत पोचण्याआधीच वळवला गेला, एवढंच झालं.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: आधीच्या सरकारच्या ऑइल बाँडची, म्हणजे तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेल्या कर्जरोख्यांची, फेड करावी लागली. ते बाँड खरे होते, २००५ ते २०१० मधले, मुद्दल सव्वा लाख कोटींच्या थोडं वर. पण एकट्या २०२०-२१ या वर्षात केंद्राने पेट्रोलियमवरच्या उत्पादन शुल्कातून साडेतीन लाख कोटींहून जास्त गोळा केले. मुनीमाला हे दोन आकडे शेजारीशेजारी दिसले की तो पुढचं भाषण ऐकत नाही.

मग राज्यं व्हॅट कमी का करत नाहीत? इथे मला भोपाळची थोडी बाजू घ्यावी लागते, आणि ती घेताना जिवावर येतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यांच्या हातातले बहुतेक कर गेले. उरलं काय? पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक, वाहन कर, विजेवरचं शुल्क. पैसा कमी पडला की हात यातल्याच एखाद्या डब्यात जातो. त्यात २०२५ मधल्या केंद्राच्या २१.९० रुपयांची फोड बघा: मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी १३ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, ५ रुपये रस्ते आणि पायाभूत सुविधा सेस, अडीच रुपये शेती सेस. राज्यांना केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कातला. १.४० चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत वाटून. नाव बदललं की वाटा बुडाला. मग राज्य आपलं स्वतःचं फडकं वेगळं पिळतं, आणि पिळले जातो आपण.

‘जीएसटीत आणा’ हे लोक फार सहज म्हणतात. पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन या पाच गोष्टी तेव्हा बाहेर ठेवल्या. तारीख जीएसटी परिषदेने ठरवायची. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला, तोही केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून, आणि ‘आत्ता वेळ नाही’ म्हणून मिटला. वेळ कधीच येणार नाही. समजा सगळ्यात वरचा ४० टक्क्यांचा दर लावला, तरी आमच्याकडे पेट्रोल ८२-८३ वर येईल, म्हणजे दोन्ही खजिन्यांचे मिळून लिटरमागे चोवीसएक रुपये जातील. ते कोण सोडणार? आमच्या धंद्याला मात्र जीएसटीचा खरा फायदा झाला असता. टायर घेतलं, सुटे भाग घेतले, त्यावर भरलेला कर पुढे वळता करून घेण्याची सोय तरी आहे. डिझेलवर भरलेला कर वहीत जातो आणि तिथेच राहतो.

परदेशाशी तुलनाही लोक करतात. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या भावात कराचा वाटा आपल्यासारखाच किंवा जास्त आहे. अमेरिकेत केंद्राचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर थांबलाय. दोन्ही खरं. पण लंडनमध्ये एका तासाच्या मजुरीत काही लिटर येतं. महूच्या मुलाला एका लिटरसाठी दीड तासाहून जास्त काम करावं लागतं, आणि त्याच्या वेळेला धावणारी, ऑफिसच्या दारापर्यंत जाणारी बस त्याच्याकडे नाही. इंदुरात मे २०२५ मध्ये मेट्रो सुरू झाली, सहाएक किलोमीटरची, सुपर कॉरिडॉर या रस्त्याच्या बाजूला. महू दुसऱ्या टोकाला आहे.

मला विचाराल तर कर शून्य करा असं मी म्हणणार नाही. आमचे ट्रक ज्या रस्त्यांवर धावतात ते कोणीतरी बांधलेत. पण राज्याने टक्क्याऐवजी लिटरमागे ठराविक रुपये घ्यावेत, म्हणजे करावर कर आणि भाववाढीत राज्याची फुकटची कमाई दोन्ही थांबेल. आणि पावतीवर दोन ओळी छापाव्यात, केंद्र इतके, राज्य इतके. याला खर्च काही नाही, म्हणूनच ते होणार नाही असं मला वाटतं.

बाकी तुम्ही म्हणालात ते टोलचं. बडोद्याहून परतताना त्या ड्रायव्हरने सीमेच्या अलीकडे, गुजरातेतच टाकी फुल केली, ३२ लिटर. पावणेचारशेच्या वर वाचले म्हणून खुशीत होता. इंदूर येईपर्यंत मोबाइलवर फास्टॅगचे मेसेज टिंगटिंग येत राहिले. त्याने ते वाचले नाहीत. मी मागच्या सीटवर बसून बेरीज करत होतो, सवयच ती. शेवटी चहापुरते उरत होते.