टाकून दिलेल्या वस्तूंचे संग्रहालय

प्रश्न : आमच्या गोठणगावाजवळ तिबेटी वसाहत आहे. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या समाजाच्या कलासंस्कृतीसाठी शहरात स्वतंत्र संग्रहालय असते काय?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : असते. न्यूयॉर्कमधील चिनी समाजाच्या संग्रहालयाचे मूळ १९८० मध्ये सुरू झालेल्या एका इतिहास प्रकल्पात आहे. चायनाटाउनमधील जुने रहिवासी निवर्तल्यावर रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या वस्तू त्याच्या संस्थापकांनी अक्षरशः कचऱ्यातून उचलल्या. पुढे त्या संग्रहात कँटोनीज (दक्षिण चीनमधील) संगीतनाट्याची भरजरी वस्त्रेही आली. जानेवारी २०२० मध्ये संग्रह ठेवलेल्या इमारतीला आग लागली, तरी पाण्याने भिजलेला बराचसा ठेवा (सुदैवाने!) वाचला. आपल्या शेजारच्या वसाहतीतील वडीलधाऱ्यांकडे जुनी छायाचित्रे असल्यास ती कोणाची व केव्हाची, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.