तीन छेद बारा

प्रश्न : बाई, मी व्हर्जिनियातल्या एका शाळेत सातवीला गणित शिकवते. यंदा इतिहासाच्या शिक्षिकेने अमेरिकेतल्या गुलामगिरीचा भाग सगळ्या विषयांनी मिळून घ्यायचं ठरवलंय. भाषा आणि विज्ञानवाले लगेच तयार झाले, मी मात्र अडकलेय. गणिताने यात करायचं काय? शिवाय मी बाहेरून आलेली. वर्गात काळी मुलं आहेत, गोरीही आहेत. काही भलतंच बोलून गेले तर?

उत्तर : जाल बोलून. मी चुकले तेव्हा माझी चौदा वर्षं नोकरी झाली होती. ब्रूक्स नावाच्या ब्रिटिश गुलामवाहू जहाजाचा 1788 सालचा आराखडा आहे. त्यात एका पुरुषाला जागा 6 फूट लांब, 16 इंच रुंद. मी वर्गाच्या फरशीवर चिकटपट्टीने तेवढ्या चौकटी आखल्या आणि मुलांना आत आडवं व्हायला सांगितलं. मुलं खिदळत पसरली. एक काळी मुलगी बाकावरून उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई आली आणि आवाज न चढवता म्हणाली, ‘बाकीच्यांचा खेळ झाला, बाई.’ तेव्हापासून सोंगं बंद.

तुमच्या विषयातला सापळा वेगळा. ‘एका मळ्यावर इतके गुलाम, प्रत्येकाने इतका कापूस वेचला, तर...’ असली शाब्दिक उदाहरणं अजिबात नकोत. त्यात मूल मुकादमाच्या जागी बसून हिशेब करतं.

त्यापेक्षा 1860 च्या जनगणनेतलं गुलामांच्या नोंदीचं एक पान घ्या, शक्यतो तुमच्याच काउंटीचं. त्या वर्षी एकट्या व्हर्जिनियात सुमारे 4 लाख 90 हजार माणसं गुलामीत होती. पानावर नाव असतं ते मालकाचं. खाली ओळीने वय, स्त्री की पुरुष, रंग. पळून गेलेल्यांसाठी वेगळा रकाना, गुलामांच्या घरांच्या संख्येचा वेगळा. एका घरात सरासरी किती माणसं, हे मुलं सहज काढतील. पण आधी वयाचा रकाना वाचायला लावा. वर्षाच्या आतल्या बाळाचं वय अपूर्णांकात लिहायची पद्धत होती. तीन महिन्यांचं बाळ म्हणजे 3/12. तुमचे हुशार विद्यार्थी लगेच त्याचं 1/4 करतील, तुम्हीच शिकवलंय ना! तिथे थांबवा आणि विचारा, छेदात बारा का असेल? त्या बाळाच्या ओळीत नावाची जागा कुठे आहे?

मग 1870 चं पान काढा. तोवर गुलामगिरी संपलेली होती, आणि गुलामीतून सुटलेल्या बहुतेक कुटुंबांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती इथे. 1860 मध्ये 9 वर्षांचा असलेला मुलगा आता 19 चा असायला हवा. शोधू द्या. बहुतेकदा खात्रीने सापडणार नाही, आणि का नाही हे सांगायला इतिहासाच्या बाईंनी तुमच्या तासाला येऊन बसावं. भाषेच्या शिक्षकांनी त्याच आठवड्यात मुक्तीनंतरच्या वर्तमानपत्रांतल्या, विकून टाकलेल्या मुलांना शोधणाऱ्या आईबापांच्या जाहिराती घ्याव्यात. दोन्ही तास एकमेकांना धरून चालतील.

विज्ञानवाल्यांना बोस्टनचा ओनेसिमस द्या. (गुलामगिरी फक्त दक्षिणेत होती हा समजही त्यानिमित्ताने जाईल.) आफ्रिकेत देवीच्या रुग्णाच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचायची रीत होती, ती त्याने आपल्या मालकाला, कॉटन मॅदर या धर्मगुरूला सांगितली होती. 1721 च्या साथीत झॅब्डिएल बॉयल्स्टन या डॉक्टरने ती वापरली. शहरात देवी आलेल्या 5,889 जणांपैकी 844 दगावले. टोचलेल्या सुमारे 240 पैकी 6. टक्केवारी तुमच्या तासाला काढा.

बाहेरून आल्याचं म्हणाल, तर मीही बाहेरचीच होते. माहीत नसेल ते ‘उद्या बघून सांगते’ म्हणावं आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगावं. चौघांनी आधी बसून क्रम ठरवा. शुक्रवारचा शेवटचा तास या विषयाला देऊ नका, मुलं ते ओझं घेऊन दोन दिवस घरी जातात. आणि सुरू करण्याआधी घरी चिठ्ठी पाठवा. मी पाठवली नव्हती.