रिंग लगेच वाजते, मग आवाज का तुटतो?

प्रश्न : आमच्या कार्यालयात इंटरनेटवर चालणारे १२ फोन आहेत. फोन चटकन लागतो, रिंगही व्यवस्थित वाजते. पण कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की समोरचा म्हणतो, "आवाज तुटतोय." मला मात्र त्याचं सगळं स्वच्छ ऐकू येतं. कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे. कॉल जोडतानाच फोनने नेटवर्ककडून चांगल्या आवाजाची हमी घ्यावी, अशी काही सोय नाही का?

उत्तर : "मला मात्र स्वच्छ ऐकू येतं" हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. येणारी वाट मोकळी आहे, जाणारी तुंबते आहे. १०० हा आकडा बहुधा डाउनलोडचा असेल. अपलोडचा वेग किती मिळतो, ते आधी कामाच्या वेळेत मोजून घ्या.

रिंग वाजली यावरून आवाजाचं काहीच कळत नाही. कॉल जुळवण्याचं काम एसआयपी हा प्रोटोकॉल, म्हणजे फोनांच्या आपसातल्या निरोपांची ठरलेली पद्धत, करतो. त्यात मोजकेच निरोप जातात आणि एखादा हरवला तर पुन्हा पाठवता येतो. आवाजाला ती मुभा नाही. जी.७११ या नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत) दर २० मिलिसेकंदांना आवाजाच्या तुकड्याचं एक पॅकेट निघतं, सेकंदाला ५०. फार उशिरा पोचलेलं पॅकेट फोन टाकूनच देतो, कारण ते ऐकवायची वेळ टळलेली असते.

तुम्ही म्हणता तशी हमी घेण्याची सोय झाली होती. १९९७ मध्ये आरएसव्हीपी आलं : वाटेतल्या प्रत्येक राउटरकडे जागा राखून मागायची. २००२ मध्ये ते एसआयपीशी जोडलं गेलं : जागा राखली गेल्याशिवाय पलीकडे रिंग वाजवायचीच नाही. मला आजही ही कल्पना फार नेमकी वाटते. पण खुल्या इंटरनेटवर ती रुजली नाही. प्रत्येक राउटरने प्रत्येक कॉल लक्षात ठेवायचा, तोही दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाचा, हे जमणारं नव्हतं. मोबाइलच्या व्होल्टीईमध्ये (४जी नेटवर्कवरच्या कॉलमध्ये) मात्र कॉल जुळताना आवाजासाठी वेगळी वाट खरोखरच राखली जाते.

तुमच्या हातात तुमच्या राउटरपर्यंतचा टप्पा आहे, आणि तुमचा आवाज तिथेच अडतो आहे. समजा, अपलोड २ एमबीपीएस आहे आणि मोडेममध्ये २५० किलोबाइटची रांग साठली. शेवटच्या पॅकेटला पूर्ण एक सेकंद थांबावं लागेल. संभाषण सहज चालायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. म्हणून राउटरमध्ये अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर आणा. मग रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि तिथे आवाजाला पुढे काढता येतं.

त्यासाठी आवाजाच्या पॅकेटवर "मला आधी सोडा" अशी खूण लागते : डीएससीपी या रकान्यात ४६ हा आकडा. एका कार्यालयात मी दोन दिवस याच खुणेमागे होतो. फोनच्या सेटिंगमध्ये ४६ होतं, राउटरचे नियम बरोबर होते, तरी आवाज फाटत होता. शेवटी फोन आणि राउटर यांना जोडणाऱ्या स्विचच्या अलीकडे आणि पलीकडे पॅकेट पकडून पाहिली. अलीकडे ४६, पलीकडे ०. फोनच्या पोर्टवरून आलेल्या खुणेवर विश्वास ठेवायला स्विचला कुणी सांगितलंच नव्हतं. एका ओळीचं सेटिंग बदललं आणि त्याच दुपारी आवाज सुधारला. तुम्हीही खूण दोन्हीकडे तपासा.

आणखी एक, एकाच वेळच्या कॉलची संख्या कार्यालयाच्या फोन एक्स्चेंजमध्ये बांधून घ्या. जी.७११चा एक कॉल प्रत्येक दिशेला सुमारे ८० ते ९० केबीपीएस घेतो. १२ म्हणजे जवळपास एक एमबीपीएस. वाट त्याहून अरुंद असेल, तर जादा कॉलला एसआयपीनेच "व्यस्त" म्हणून परत पाठवावं. चालू असलेले सगळे कॉल बिघडवण्यापेक्षा एकाला थांबवणं मला केव्हाही बरं वाटतं.

प्रश्न : कॉल लागतो, पण एका बाजूला आवाज अजिबात येत नाही. हेही वेग कमी असल्यामुळेच का?

उत्तर : नाही. वेग कमी असेल तर आवाज तुटतो, पूर्ण बंद पडत नाही. आवाज कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, हे एसआयपीच्या निरोपातच लिहिलेलं असतं. तिथे तुमच्या कार्यालयातला खासगी पत्ता गेला, तर पलीकडचा आवाज तुमच्यापर्यंत पोचणार कसा? राउटरमधलं एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग हे पत्ते बदलायला जातं आणि अनेकदा घोळ घालतं. ते आधी बंद करून पाहा, मग फोनमध्ये स्टन (फोनला त्याचा बाहेरचा पत्ता कळवणारी सोय) सुरू करा.