आयबीएमच्या झेड १४ मेनफ्रेमच्या सिस्प्लेक्समध्ये (एकत्र जोडून एकाच यंत्रणेसारख्या चालणाऱ्या मशीनच्या गटात) झेड १६ जोडायची आहे. लेव्हल (म्हणजे पिढ्या आणि आवृत्त्या) जुळतील का? आणि जुनं फायबर चालेल का?

लेव्हल जुळतील. फायबरचं उत्तर मात्र ते कुठलं आहे आणि किती लांब आहे यावर आहे, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्याकडे दोन झेड १४ आहेत, त्यांच्यात जुन्या इन्फिनीबँड प्रकारच्या कपलिंग लिंक (सिस्प्लेक्समधल्या मशीनना जोडणाऱ्या वाटा) आहेत, त्यातली एक मशीन जाऊन झेड १६ येणार आहे, आणि व्हेंडर म्हणतोय ‘सपोर्टेड आहे’. तो खोटं बोलत नाही, पण निम्मंच सांगतोय.

आधी लेव्हल उरकून टाकू. आयबीएमचा हिशेब सरळ आहे: नवी मशीन आपल्या मागच्या दोन पिढ्यांबरोबर एका पॅरलल सिस्प्लेक्समध्ये चालते. म्हणजे झेड १६ बरोबर झेड १५ आणि झेड १४ चालतात, झेड १३ नाही. झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमचंही तसंच. ३.१ बरोबर २.५ आणि २.४ राहू शकतात. फक्त जुन्या रिलीजवर कोएक्झिस्टन्सच्या पीटीएफ (नव्या रिलीजशेजारी चालू देणाऱ्या दुरुस्त्या) आधी चढलेल्या हव्यात. एकेक एलपार (मशीनचा स्वतंत्र सिस्टिम चालवणारा भाग) खाली घेऊन अपग्रेड करायचं आणि बँकेचं काम चालूच ठेवायचं, याचसाठी १९९४ पासून हा खटाटोप आहे.

कपलिंग फॅसिलिटीची, म्हणजे सगळ्या सिस्टिमचे लॉक आणि सामायिक डेटा सांभाळणाऱ्या भागाची, लेव्हल वेगळी. झेड १४ वर सीएफलेव्हल २२ किंवा २३ असेल, झेड १६ वर २५. दोन्ही एकत्र चालतात. गोची होते ती मेमरीची. वरच्या लेव्हलवर त्याच लॉक, लिस्ट किंवा कॅश स्ट्रक्चरला (त्यातल्या डेटासाठी राखलेल्या कप्प्याला) जास्त जागा लागू शकते, आणि जुन्या पॉलिसीतला (स्ट्रक्चरचे आकार ठरवणाऱ्या नोंदीतला) आकडा तसाच ठेवला तर स्ट्रक्चर उभंच राहत नाही किंवा तोकडं पडतं. आयबीएमच्या सीएफसायझर या साधनावर आकडे नव्याने काढा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. तसं करू नका.

आता खरा प्रश्न. इन्फिनीबँड लिंक झेड १४ वर संपल्या. झेड १६ ला ते कार्डच नाही. त्यामुळे तुमच्या राहणाऱ्या झेड १४ मध्ये आयसीए एसआर (जवळच्या अंतराचं कार्ड) किंवा कपलिंग एक्स्प्रेस एलआर (लांबच्या अंतराचं) यांपैकी काहीतरी असायलाच हवं. ते आजच बघता येईल: कन्सोलवर ‘डी सीएफ’ द्या आणि सेंडर पाथच्या यादीत चॅनेल टाइप वाचा. सीएस५ म्हणजे आयसीए एसआर, सीएल५ म्हणजे कपलिंग एक्स्प्रेस एलआर, सीआयबी म्हणजे इन्फिनीबँड. सगळीकडे सीआयबीच दिसलं तर एचएमसीवर (मशीनचं हार्डवेअर सांभाळायच्या कन्सोलवर) बघा, एखादं न वापरलेलं कार्ड आत पडून असतं. तेही नसेल तर केबलची चर्चा थांबवा. झेड १४ विक्रीतून गेलेली आहे, तिच्यासाठी कार्ड कोण आणि कधी देणार हे आधी लेखी घ्या.

कार्ड आहे असं धरून चालू. आयसीए एसआरला २४ तंतूंची एमपीओ केबल (अनेक तंतू एकाच कनेक्टरमध्ये असलेली) लागते, १२ पाठवायला आणि १२ घ्यायला. बारा-एक्स (जवळच्या अंतराच्या) इन्फिनीबँडचीही तशीच होती, म्हणून ‘तीच लावू’ म्हणण्याचा मोह होतो. लावता येते, पण मर्यादा बदलली आहे. ओएम३ वर (ओएम३ आणि त्याहून सरस ओएम४ हे मल्टिमोड फायबरचे प्रकार) इन्फिनीबँडला १५० मीटर मिळायचे. आयसीए एसआरला ओएम३ वर १०० आणि ओएम४ वर १५०. तुमची केबल फरशीखालून वळसा घेत १२० मीटर जात असेल तर काल चालणारी तीच केबल आज बसत नाही. नकाशावरचं अंतर धरू नका, रॅकमध्ये चढ-उतारासाठी ठेवलेली जास्तीची लांबीही मोजा. जाकिटाच्या रंगावरही भिस्त ठेवू नका. वेष्टनावर थोड्या थोड्या अंतरावर प्रकार छापलेला असतो, तो वाचा.

मशीन दोन इमारतींत असतील तर कपलिंग एक्स्प्रेस एलआर, ९ मायक्रॉनचं सिंगल मोड फायबर, एलसी कनेक्टर, १० किलोमीटरपर्यंत. वन-एक्स (लांबच्या अंतराच्या) इन्फिनीबँडचं फायबर इथे सहसा कामी येतं. पण ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर साध्या डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही सिग्नल खातो. प्रत्येक टोक स्कोपखाली बघून, पुसून, पुन्हा बघून मगच लावायचं. नव्या पिशवीतून काढलेली केबलसुद्धा. आमच्या पाळीत ‘लिंक येत नाही’ म्हणून रात्री दोनला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, आणि बऱ्याचदा तोच शेवटचा ठरतो.

अंतराची किंमत प्रोसेसरही मोजतो. काचेतून प्रकाशाला जाऊन-येऊन दर किलोमीटरला साधारण १० मायक्रोसेकंद लागतात. सिंक्रोनस मागणीत तेवढा वेळ सीपीयू नुसता वाट बघत असतो. झेड/ओएस अशा मागण्या आपोआप असिंक्रोनस (वाट न बघणाऱ्या) करतं, पण डीबी२ डेटाबेसचे लॉक लांबच्या फॅसिलिटीत ठेवले तर रिस्पॉन्स टाइममध्ये ते दिसणारच.

लिंक दोन घेतल्या म्हणजे झालं, असंही नाही. कागदावर दोन वाटा असतात आणि फरशी उचलली की दोन्ही एकाच ट्रेमधून जाताना दिसतात. ती फरशी स्वतः उचलून बघा.

फिकॉनकडेही (डिस्क आणि टेप जोडणाऱ्या लिंककडे) जाता जाता नजर टाका. झेड १६ चं फिकॉन एक्स्प्रेस३२एस कार्ड ८, १६ आणि ३२ गिगाबिटवर बोलतं, ४ वर नाही. एखादा जुना टेप कंट्रोलर ४ गिगाबिटचा असेल तर तो थेट जोडता येणार नाही. शॉर्ट वेव्ह (मल्टिमोड फायबरवरचं) वापरत असाल तर ३२ गिगाबिटला ओएम३ वर ७० मीटर, ओएम४ वर १०० मीटर, एवढंच.

आणि एक. कपलिंग लिंकवरूनच एसटीपीची (मशीनची घड्याळं जुळवणाऱ्या यंत्रणेची) वेळही जाते. काढायची झेड १४ सध्या करंट टाइम सर्व्हर (बाकीच्यांना वेळ देणारी मशीन) असेल तर ती भूमिका आधी दुसऱ्या मशीनकडे द्या, मगच तिची वीज बंद करा.