शोकांतिकेतला त्याग पटत नसेल, तर आधी नायकाच्या बहिणीकडे जा

नमस्कार. उत्तर लांबणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी थोडक्यात लिहिते. तुमच्या कादंबरीचा नायक सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शेवटच्या वर्षाला आहे. वडील मुंबई महानगरपालिकेत सफाई कामगार. ते अचानक जातात. आई, धाकटी बहीण आणि राहती खोली वाचवण्यासाठी तो वडिलांच्या जागी झाडू हातात घेतो, चित्रं सुटतात आणि शेवटी गटारात उतरल्यावर गुदमरून तो मरतो. ज्यांनी हस्तलिखित वाचलं ते म्हणाले, 'रडू येतं, पण पटत नाही.' कर्तव्य आणि स्वप्न यांतली निवड पटेल अशी कशी लिहावी, असं तुम्ही विचारलं आहे.

वाचणाऱ्यांनी अचूक नस पकडली आहे. रडू येतं, कारण परिस्थिती खरी आहे. पटत नाही, कारण तुमचा नायक काही निवडतच नाही. बाप गेला म्हणून नोकरी आली, नोकरी आली म्हणून चित्रं गेली, गटारात वायू होता म्हणून जीव गेला. सगळं त्याच्यावर येऊन कोसळतं आणि तो सोसत राहतो. सोसणाऱ्या माणसाबद्दल वाचकाला दया वाटते, पण शोकांतिका तेवढ्याने उभी राहत नाही. माणूस दुष्टपणामुळे पडत नाही, त्याच्याच हातून काही चुकतं म्हणून पडतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवलं आहे, आणि अजून तरी मला ते खोटं ठरलेलं दिसत नाही. तुमच्या नायकाच्या हातून काय चुकलं? सगळ्या सारांशात मला ते सापडलं नाही.

ते कुठे दडलंय असं मला वाटतं, ते सांगते.

मुंबईत सफाई कामगाराच्या कुटुंबाला कर्तव्य हा शब्द तोंडाने उच्चारावा लागत नाही. तो भिंतीतच असतो. दादरची कासारवाडी घ्या, डोंगरीची वालपाखाडी घ्या. अशा वसाहतींतली खोली नोकरीला बांधलेली असते. नोकरी आहे तोवर खोली. कामगार निवृत्त झाला किंवा वारला, की खोली सोडायची वेळ येते, आणि मुंबईत त्या पगारात दुसरं घर होत नाही. म्हणून घरातलं कुणीतरी पुढे नोकरीला लागतं. सफाई कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमधून आलेली वारसा हक्काची वाट त्यासाठीच आहे. त्यामुळे पदवी घेतलेली मुलंमुलीही सकाळी उजाडता उजाडता हजेरी चौकीवर उभी दिसतात. हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या सारांशात खोलीचा उल्लेख आहेच. पण एक गोष्ट तुम्ही गाळली आहे आणि कादंबरीचा सगळा जीव तिथेच आहे.

वारस फक्त मुलगा नसतो. बायको असते. मुलगीही असते.

पालिकेच्या कामावर किती बाया नवऱ्याच्या जागी लागलेल्या आहेत हे सकाळी दादर-परळच्या रस्त्यावर कुणालाही दिसेल. म्हणजे नायकाचे वडील गेल्यावर त्या खोलीत तीन माणसं आहेत आणि तिघंही ती नोकरी घेऊ शकतात. मग आईने का नाही घेतली? बहिणीने का नाही? हा प्रश्न मुंबईचा वाचक पहिल्या पन्नास पानांत विचारतो आणि तुमची कादंबरी त्याचं उत्तर देत नाही. 'पटत नाही' चा अर्थ बहुधा हाच आहे.

आता समजा, तुम्ही उत्तर द्यायला बसलात. आई म्हणते, मी लागते कामाला, तू तुझं वर्ष पुरं कर. ती मनापासून म्हणते. आणि तो नाही म्हणतो, कारण आईच्या हातात झाडू त्याला बघवत नाही. बहीण बारावी झालेली आहे, तिला नोकरी चालणार आहे, कदाचित हवीही आहे, कारण स्वतःचा पगार हातात आला तर लग्नाचं दोन-तीन वर्षं तरी कुणी काढणार नाही. तिला तर कुणी विचारतही नाही. तो परस्पर ठरवतो आणि सगळे त्याला 'बापाचा मुलगा शोभतो' म्हणतात. इथे निवड झाली. त्याने स्वतः केली, प्रेमाने केली, आणि त्या प्रेमात अभिमान मिसळलेला आहे. आता जे काही वाईट घडेल ते बाहेरून येणार नाही.

याच्याही खाली अजून एक थर आहे. त्याच्या वडिलांना काय हवं होतं? ज्या माणसाने आयुष्यभर रस्ता झाडला आणि मुलाला जे. जे.ला घातलं, त्याला मुलाच्या हातात झाडू नको होता. त्या घरात बाबासाहेबांचा फोटो असणार. शिकायचं ते याच कामाच्या बाहेर पडण्यासाठी, हे त्या घरात मुलाच्या कानावर लहानपणापासून पडलेलं असणार. म्हणजे चित्रकला हे त्या मुलाचं एकट्याचं स्वप्न नव्हतंच, ते वडिलांचं देणं होतं. खोली वाचवणं हेही वडिलांचं देणं. दोन्हीकडे बापच उभा आहे! तुम्ही प्रश्नात लिहिलंय, 'एका बाजूला कर्तव्य, दुसऱ्या बाजूला स्वप्न.' मी म्हणेन ही मांडणीच सोडा. ज्याला स्वप्न म्हणताय तेही कर्तव्य आहे आणि ज्याला कर्तव्य म्हणताय त्यात त्याची स्वतःची हौसही आहे: घराचा कर्ता होण्याची, आईच्या डोळ्यांत मोठं होण्याची. दोन्ही बाजू अशा गुंतल्या की काहीही निवडलं तरी एक बाप दुखावणारच.

आपल्याकडे या गोष्टीचं मूळ भीष्मात आहे. देवव्रताने बापाच्या सुखासाठी राज्य सोडलं, लग्न सोडलं. शंतनूने तसं मागितलं नव्हतं. सगळ्यांनी धन्य धन्य म्हटलं. त्या प्रतिज्ञेची किंमत मात्र अंबेने दिली. भावासाठी तिला पळवून आणलं, शाल्वाने तिला परत घेतलं नाही, आणि भीष्म प्रतिज्ञेकडे बोट दाखवून मोकळा झाला. पुढे तीच शिखंडी होऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्याचा त्याग खरा होता यात शंकाच नाही. पण त्या त्यागाने दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य न विचारता वापरलं, आणि नाश तिथूनच आला. तुमच्या कादंबरीत अंबेची जागा बहिणीची आहे. सध्या ती चहा देते आणि रडते, एवढंच.

मी हे इतक्या आग्रहाने लिहितेय त्याला कारण आहे. आमचे वडील नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी थोरला भाऊ अनुकंपावर लागला. बाकीच्या वारसांची हरकत नाही असा कागद लागतो. त्यावर आईने सही केली, मी केली. मला कुणी वाईट वागवलं नाही. भाऊ देवमाणूस आहे, माझी फी त्याच्याच पगारातून गेली. पण ती नोकरी मलाही हवी असेल का, हा प्रश्न आमच्या घरात उमटलाच नाही. आणि तो प्रश्न विचारला गेला असता, तर आज भावाच्या हातात कदाचित त्याचा तबला असता. त्याने जे सोडलं ते सोडायची गरज होती की नाही, हे आता कधीच कळणार नाही. तुमच्या नायकाचं खरं दुःख हे असू शकतं, आणि ते गटारातल्या मरणापेक्षा मोठं आहे.

मरणाबद्दल आता लिहितेच. पहिलं म्हणजे तपशील चुकतोय. रस्ते झाडणारे, कचरा उचलणारे कामगार घनकचरा खात्यात असतात. मलवाहिन्यांचं काम वेगळ्या खात्याचं, आणि मॅनहोलमध्ये उतरवले जातात ते बहुतेक कंत्राटदाराचे मजूर. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा आहे. तरीही माणसं उतरवली जातात आणि मरतात, तो वेगळा आणि भयंकर विषय आहे. त्याच्यावर स्वतंत्र कादंबरी लिहा, मी रात्र जागून वाचेन. इथे मात्र ते मरण तुम्ही शेवट सापडत नाही म्हणून उसनं आणलं आहे. ज्यांची माणसं खरोखर अशी गेली त्यांच्या दुःखाचा असा वापर करू नये, असं मला फार वाटतं.

त्याला जगू द्या. आणि चित्रं हळूहळू सुटू द्या. हा भाग तुम्ही दोन पानांत उरकला आहे, मला तो शंभर पानं वाचायला आवडेल. पहिल्या महिन्यात त्याला वाटेल, सकाळची पाळी आहे, दुपारी सुटलो की चित्र काढीन. ते खोटं नाही, दुपारी वेळ असतोच. पण पहाटे उठलेलं शरीर दुपारी झोप मागतं. मग रविवार उरतो. मग पतपेढीचं कर्ज निघतं, बहिणीच्या लग्नासाठी, जे लग्न तिला इतक्यात नको होतं. कर्ज निघालं की हप्ता पगारातून कापला जातो आणि नोकरी सोडायचा विचारही त्याबरोबर कापला जातो. वर्गातल्या एखाद्या मित्राला जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळते. तिथे वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणजे मित्राने अर्ज केला तेव्हा हाही करू शकला असता, हे त्याला उद्घाटनाच्या दिवशी लक्षात येतं. या सगळ्यांत कुठेही मोठा क्षण नाही. प्रत्येक वेळी त्याला पर्याय होता आणि प्रत्येक वेळी त्याने दिलेलं कारण योग्य होतं.

एक अडचण तुम्हाला येईल, ती आधीच सांगते. त्या घरातलं कुणीतरी, बहुतेक बहीणच, त्याला म्हणेल, 'बाबासाहेबांनी सोडलं का शिक्षण?' हा प्रश्न टाळू नका. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरी करायला गेले, तिथे जातीवरून झालेला अपमान सोसून मुंबईला आले. घर चालवायचं होतंच. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे जमवले, आणि 1920 मध्ये परत लंडनला जाऊन अर्धं राहिलेलं पुरं केलं. करार पाळायलाही गेले, अभ्यासही सोडला नाही, मध्ये तीन वर्षं गेली एवढंच. तुमच्या नायकाला ही गोष्ट पाठ असणार. मग तो का परत गेला नाही? 'परिस्थिती' हे उत्तर त्या फोटोखाली बसून देता येत नाही. त्याला स्वतःशी कबूल करावं लागेल की त्याग करणारा भाऊ ही भूमिका त्याला आवडू लागली होती. हे ज्या पानावर तो कबूल करेल, ते पान लिहिण्यासाठी बाकीची कादंबरी लिहा.

आणि कृपा करून झाडूला शिक्षा करू नका. सध्या तुमच्या सारांशात नोकरी म्हणजे घाण, वास, मुकादमाची शिवी. ते आहेच, नाकारत नाही. पण त्याच चौकीवर त्याच्या बापाला ओळखणारी माणसं आहेत. बापाचा पट्टा कुठून कुठपर्यंत होता, पावसाळ्यात कुठली जाळी आधी मोकळी करायची, ते ती त्याला शिकवतात. तो त्या कामात तरबेज झाला पाहिजे. त्याला त्यात कधीतरी समाधान वाटलं पाहिजे, आणि त्या समाधानाचीच भीती वाटली पाहिजे. नाहीतर तुम्ही नकळत असं सांगाल की हे काम करणारं प्रत्येक आयुष्य वाया गेलं. त्याच्या वडिलांचं आयुष्य वाया गेलेलं नव्हतं.

शेवट कुठे करायचा ते तुमचं तुम्हाला सापडेल. मला दिसतो तो शेवट बहिणीच्या तोंडी आहे. लग्न मोडून ती परत त्याच खोलीत आलेली आहे, आणि पहिल्यांदाच त्याला सांगते की तेव्हा ती नोकरी तिने घेतली असती. त्यावर त्याच्याकडे रागावण्याचंसुद्धा कारण उरत नाही. हा शेवट तुम्हाला नको असेल तर खुशाल बदला.

पण नव्याने लिहायला बसाल तेव्हा सुरुवातीपासून बसू नका. आधी सहीचा प्रसंग लिहा: टेबलावर वारसांच्या संमतीचा कागद, आई, तो आणि बहीण. तो पूर्ण बहिणीच्या बाजूने लिहा, कादंबरीत तसा वापरायचा नसला तरी. तिला त्या क्षणी काय हवं होतं ते तुम्हाला कळलं, की पुढची निवड किती जणांची होती ते आपोआप दिसू लागेल. प्रसंग लिहून झाला की इथे उत्तराखाली टाका, मला वाचायचा आहे.